भूलचूक देणे घेणे

"सिस्टर, भूल द्यायचे डॉक्टर कधी येणार?"

घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या दोन रेल्वेमार्गांलगतच्या नर्सिंग होममध्ये तीस वर्षं काम करताना हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता उत्तर देताना हात थांबतही नाहीत. शीर शोधता शोधता मी म्हणते, "आलेत. मीच." टेबलावरचं माणूस ओशाळतं, "सॉरी मॅडम" म्हणतं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी येतं. ज्या बाईच्या हाती पुढचे दोन तास आपला श्वास असणार, तिला आपण आत्ता, डोक्यावर दिवा लागल्यावर पहिल्यांदा बघतोय, हे त्याला तेवढ्यात कळून चुकतं. सर्जन त्याने चार ठिकाणी चौकशी करून निवडलेला असतो. नर्सिंग होमही बघून आलेला असतो. खोलीला एसी आहे का, मेडिक्लेम कॅशलेस आहे का, हे विचारून झालेलं असतं. माझं नाव मात्र त्याला ठाऊक नसतं. मला सर्जनने आदल्या संध्याकाळी फोन करून बोलावलेलं असतं: "उद्या साडेआठला एक हर्निया आहे, येताय ना?"

हे पुस्तक त्या टेबलापर्यंत पोचायच्या आधी वाचायचं आहे.

मराठीने आमच्या शास्त्राला दिलेलं नाव मला कायम धाडसाचं वाटत आलं आहे. सरकारी रुग्णालयाच्या पाटीवर 'बधिरीकरणशास्त्र विभाग' असतं, पुस्तकात 'संज्ञाहरण' येतं, पण माणसं म्हणतात भूल. भूल म्हणजे मोहिनी, भूल म्हणजे विसर, आणि भूल म्हणजे चूकसुद्धा. वाण्याच्या जुन्या बिलांवर तळाशी छापलेलं असायचं, 'भूलचूक देणे घेणे'. हिशेबात काही राहून गेलं असेल तर मागाहून दोघांनी मिटवून घ्यावं, असा त्यात समंजसपणा होता. आमच्या हिशेबातली काही चूक मागाहून मिटवता येत नाही. म्हणून जे बोलायचं ते आधी बोलायला हवं, आणि या पुस्तकातली बहुतेक पानं त्या 'आधी'विषयी आहेत.

सगळ्यांच्या मनातला प्रश्न पहिल्यांदा घेते. "डॉक्टर, परत जाग येईल ना?"

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. पुढच्या मार्चमध्ये ती कलकत्त्याला पोचली. त्याच १८४७ सालच्या नोव्हेंबरात एडिनबरोच्या सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं आणि २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली गेली. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. नखासाठी जीव! तेव्हापासून हा सल आमच्या धंद्याच्या मनात आहे: शस्त्रक्रिया लहान असली म्हणून भूल लहान नसते.

पुढची शंभर वर्षं प्रगती रडतखडतच झाली. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेतल्या दहा मोठ्या रुग्णालयांतल्या सुमारे सहा लाख रुग्णांचा हिशेब बीचर आणि टॉड यांनी मांडला. दर १,५६० रुग्णांमागे एका मृत्यूत भुलेचा मोठा वाटा होता. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये जगभरच्या अभ्यासांची बेरीज आली. निव्वळ भुलेमुळे होणारे मृत्यू १९७०च्या आधी दहा लाखांमागे ३५७ होते, ते शतक संपता संपता ३४ वर आले होते. हा उतार औषधांइतकाच यंत्रांमुळेही आला. बोटाला लावायचा तो चिमटा, कोविडमध्ये घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर, ज्याच्या मागची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडली, तो ऐंशीच्या दशकात ऑपरेशन थिएटरमध्ये आला. त्याआधी आमच्या गुरूंची पिढी रक्ताचा रंग बघून आणि कानाच्या पाळीकडे डोळे लावून ऑक्सिजन ताडत असे. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आलं तेव्हा नळी श्वासनलिकेत गेली की अन्ननलिकेत, हा जीवघेणा संशय सहा-सात श्वासांत फिटायला लागला.

म्हणजे धडधाकट माणसाला आज भुलेने मरण येणं फार दुर्मीळ आहे. हे मी रुग्णांना सांगते आणि ते खरं आहे. पण त्याच 'लॅन्सेट'च्या अभ्यासात असंही दिसलं की हा उतार श्रीमंत देशांत जास्त झाला. सरासरी कुणाची आणि मी कुठल्या टेबलावर, हा प्रश्न रुग्णाने विचारायलाच हवा.

तर आमची टेबलं कुठे असतात ते सांगते. उपनगरात राजावाडी, कूपर, शताब्दी, मुलुंडचं अगरवाल अशी महापालिकेची रुग्णालयं आहेत, कॉर्पोरेट आहेत, ट्रस्टची आहेत. पण मध्यमवर्गाची हर्निया, पित्ताशय, सिझर, गर्भाशय ही नेहमीची कामं वर्षानुवर्षं होत आली ती लहान नर्सिंग होममध्ये. इमारतीचा पहिला मजला, खाली फरसाणाचं नाहीतर मोबाइलचं दुकान, दहा-पंधरा खाटा, एक ओटी. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. इथे भूलतज्ज्ञ नोकरीला नसतो, तो येतो. माझ्या बॅगेत माझा स्वतःचा लॅरिंगोस्कोप असतो, नळ्या असतात, आणि मोबाइलच्या टॉर्चवर विश्वास नसल्याने एक खरा टॉर्च असतो. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ ला सुरू झाली तोवर अंधेरीचं एक काम आटपून घाटकोपरचं दुसरं गाठायचं म्हणजे अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षात तासभर सहज जाई. त्या तासाभरात मागच्या रुग्णाकडे कोण बघत होतं? या प्रश्नाकडे मी परत येणार आहे.

आधी खिचडीचं बोलू.

शस्त्रक्रियेच्या आधी पोट रिकामं का हवं, ते समजायला सोपं आहे. भुलेत घशाचे राखणदार झोपतात. पोटात काही असेल तर ते वर येतं आणि अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात उतरतं. आम्लाने फुप्फुस पोळतं. कर्टिस मेंडेलसनने १९४६ साली न्यूयॉर्कच्या बाळंतिणींमध्ये हे नोंदवलं आणि त्याला त्याचंच नाव मिळालं. म्हणून जड जेवणानंतर आठ तास, हलकं खाणं किंवा दूध घेतल्यास सहा तास, आणि नुसत्या पाण्यानंतर दोन तास, असा नियम आहे. लहान बाळाला अंगावरच्या दुधानंतर चार तास. हे आम्ही मराठीत सांगतो कसं? "उपाशी राहा." आणि ज्या भाषेत उपासाला साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याची वडी आणि वर केळं चालतं, त्या भाषेत हे सांगून आम्ही निर्धास्त होतो! बोरिवलीतल्या एका काकूंनी मला टेबलावर शांतपणे सांगितलं होतं, "अहो, अगदी कडक उपास केलाय. सकाळी फक्त वाटीभर खिचडी." संकष्टी होती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एका दगडात झाल्या होत्या. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सर्जन चिडले, जावई रजा वाया गेली म्हणून चिडले, आणि काकू खिचडीबद्दल कुणी बोलेल म्हणून गप्प. तेव्हापासून मी 'उपाशी' हा शब्द टाकून दिला. मी म्हणते, "रात्री बारानंतर तोंडात अन्नाचा कण नाही, चहा नाही, कारण चहात दूध आहे. साधं पाणी सहा वाजेपर्यंत." लांब आहे, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत यात नवी भानगड आली आहे. वजन उतरवायची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आता अंधेरी-लोखंडवाल्यातच नव्हे, मुलुंडच्या भिशीतही घेतली जातात. त्यांनी जठर रेंगाळतं. नियमाने उपाशी राहूनही पोट भरलेलं असू शकतं. लोक ती सांगत नाहीत, कारण 'बारीक कसे झालात' याचं उत्तर 'चालायला जातो' असं दिलेलं असतं, आणि ते बायकोसमोर बदलायचं नसतं.

लपवण्याची यादी लांब आहे. रोजची दारू, कारण मुलगी खोलीत आहे. इकोस्प्रिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कारण 'ते हृदयाचं आहे, याचा काय संबंध'; संबंध असा की पाठीत सुई देताना मणक्याशेजारी रक्त साकळलं तर पाय जाऊ शकतात. आणि तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण मला त्या बंदीचा परिणाम तोंडात बघावा लागतो. मी रुग्णाला म्हणते, "तोंड उघडा, तुमचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा." सुपारी-माव्याने गाल आतून चामड्यासारखे झालेले असतात, दोन बोटंही जात नाहीत. अशा माणसाला एरवीसारखी भूल दिली, श्वास थांबला आणि नळी घालायला तोंडच उघडलं नाही, तर हाताशी काही मिनिटंच असतात. जीभ बाहेर काढून घसा किती दिसतो यावरून ही अडचण आधीच ओळखायची चाचणी शेषगिरीराव मल्लमपती या आंध्रातून बॉस्टनला गेलेल्या डॉक्टरांनी १९८५ साली मांडली. जगभरचे भूलतज्ज्ञ रोज त्यांचं नाव घेतात. चाचणीला पैसे पडत नाहीत, एक मिनिट लागतं. पण ते मिनिट आदल्या दिवशी हवं. टेबलावर कळून उपयोग काय?

आणखी एक प्रश्न मी न चुकता विचारते: तुमच्या घराण्यात भुलेनंतर कुणाला श्वास घ्यायला फार वेळ लागला होता का? नळी घालण्यासाठी स्नायू सैल करायला आम्ही जे औषध देतो त्याला थिएटरमध्ये सगळे स्कोलीन म्हणतात. ते रक्तातलं एक विकर पाच-दहा मिनिटांत मोडून टाकतं. काही घराण्यांत हे विकर जन्मतःच कमी असतं, मग माणूस तासन् तास स्वतः श्वास घेऊ शकत नाही. शुद्ध येत असते आणि बोट हलत नाही. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त असल्याचं नोंदलेलं आहे. हा समाज आंध्र-तेलंगणात मोठा, पण आपल्या नांदेडकडेही आहे, आणि नांदेडची माणसं उपनगरात घर करून आहेतच. श्वासयंत्र लावून शांत बसलं तर यातून काहीही न बिघडता माणूस बाहेर येतो. आधी ठाऊक असेल तर ते औषधच टाळता येतं. एका आत्याची आठवण भाच्याचा जीव वाचवते, पण ती आत्याला कुणीतरी विचारावी लागते.

आता कमरेतल्या इंजेक्शनाविषयी, नाहीतर बायका मला सोडणार नाहीत. "सिझरला पाठीत सुई दिली तेव्हापासून कंबर धरलीय." हे वाक्य चाळीपासून टॉवरपर्यंत सारखंच ऐकू येतं. सुईच्या जागी चार दिवस दुखतं, हे खरं. बारीक छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपून उभं राहिलं की डोकं ठणकतं, हेही खरं, आणि त्यावर उपाय आहे. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा पाठीतल्या भुलेशी संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. बाळंतपणानंतरची कंबर दुखते ती गरोदरपणाने, बाळाला उचलण्याने, आणि कुणी हातातलं काम घेत नाही म्हणून. सुईवर ढकललं की घरातल्या कुणालाच काही करावं लागत नाही!

"फक्त लोकल आहे" या वाक्याची मला जास्त धास्ती वाटते. मुंबईत लोकल हा शब्द रोजच्या सवयीचा असल्यामुळेही असेल, पण जागेवर बधिर करणं म्हणजे भूल नव्हेच, असं धरून चाललेलं असतं. बधिर करायला टोचलेलं झायलोकेन ठरावीक मात्रेपुढे रक्तात गेलं की ओठ बधिर होतात, कानात घुमतं, झटके येतात, हृदयाची लय बिघडते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा संशय होता. त्यानंतर काही दिवस माझ्याकडे केस लावून घेणाऱ्यांचे फोन येत होते: तिथे भूलतज्ज्ञ असतो का? हा प्रश्न फोनवर मला न विचारता तिथे विचारायचा असतो. आणि सोबत दुसरा: ऑक्सिजन आणि हाताने श्वास द्यायची ॲम्बू बॅग कुठे ठेवली आहे, दाखवाल का?

टेबलावरच्या धोक्यांबद्दल पुस्तकात सविस्तर आहे, इथे दोनच. मध्येच शुद्ध येण्याची भीती सिनेमांनी फार वाढवली. ब्रिटनमध्ये २०१४ साली देशभरच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशी तक्रार सुमारे १९,००० पूर्ण भुलींमागे एकाची निघाली. पूर्ण भुलेत केलेल्या सिझरमध्ये मात्र सुमारे ६७० मागे एक, कारण तिथे बाळासाठी भूल हलकी ठेवावी लागते. दुसरा धोका औषधांचा नाहीच. मे २०१६ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नव्या थिएटरच्या पाइपलाइनमध्ये अदलाबदल झाली आणि ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइड जाऊन दोन मुलं दगावली. भूल बरोबर, मात्रा बरोबर, डॉक्टर टेबलाशी, आणि भिंतीतली नळी चुकीची. म्हणून नवं थिएटर पाहिलं की मी पहिल्या दिवशी भिंतीवर अविश्वास दाखवते. मालकांना ते आवडत नाही.

भूल देण्याचे धोके एवढे सांगितल्यावर भूल न देण्याचा एक धोका सांगितला नाही तर प्रस्तावना एकांगी होईल. ही हकीकत मुंबईची नाही, कोकणातली आणि पुण्याची आहे, पण वैद्यकीय निष्काळजीपणाचा भारतातला कायदा शिकवताना आजही तिच्याच नावाने धडा सुरू होतो: जोशी विरुद्ध गोडबोले.

६ मे १९५३. गुहागरजवळच्या पालशेतच्या पुळणीवर सूर्यास्ताच्या सुमारास वीस वर्षांच्या एका मुलाचं डावं मांडीचं हाड मोडलं. किनारा घरापासून दीड मैल. खाट आणून त्याला घरी नेलं. गावातल्या डॉक्टरांनी फळ्या बांधून पाय स्थिर केला. मग टॅक्सीने सुमारे दोनशे मैल, पुण्याला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. ९ मे रोजी पुण्यातल्या एका सर्जनच्या रुग्णालयात त्याला दाखल केलं, मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं, आणि प्लास्टर घालताना हाड जागेवर आणण्यासाठी पाय ओढला. पूर्ण भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने, जरुरीपेक्षा जास्त जोर लावून ओढला, असा वडिलांचा आरोप होता. संध्याकाळी मुलगा धापायला लागला. रात्री नऊला गेला. सर्जनचं म्हणणं होतं की मृत्यू चरबीची गुठळी रक्तात गेल्याने झाला. न्यायालयाने ते मानलं नाही. भूल न देता केलेल्या ओढाताणीच्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६८ च्या मे महिन्यात, म्हणजे मुलगा गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, सर्जनचं अपील फेटाळलं गेलं. नुकसानभरपाई ३,००० रुपये.

विद्यार्थिदशेत मी ही केस परीक्षेपुरती वाचली होती. नंतर पुन्हा वाचताना मुलापेक्षा वडिलांकडे लक्ष गेलं. ते डॉक्टर होते. मॉर्फिया म्हणजे भूल नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण दुसऱ्याच्या रुग्णालयात, दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरपुढे, थिएटरच्या दाराशी उभा असलेला बापच असतो. "भूल कोण देणार?" हा प्रश्न तिथे कुणी मोठ्याने विचारला होता का, हे निकालपत्रावरून मला कळलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायची जागा म्हणजे संमतिपत्र, आणि ते बहुतेकदा इंग्रजीत असतं, घाईत सही होतं, आणि सही रुग्णाऐवजी नवरा नाहीतर मुलगा करतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये हे स्पष्ट केलं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती त्याची स्वतःची हवी; बाई भुलेत असताना आईने दिलेल्या होकारावर गर्भाशय काढणं चालत नाही. 'होणाऱ्या परिणामांस डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत' असं फॉर्मवर छापल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही, हेही जाता जाता लक्षात ठेवा. फॉर्मचा उपयोग इतकाच की तो हातात आला म्हणजे भूलतज्ज्ञाला खोलीत बोलावण्याचा हक्क तुम्हाला आला.

आता रिक्षातल्या त्या तासाकडे.

२६ जुलै २००५ च्या मंगळवारी दुपारी घाटकोपर पश्चिमेला एलबीएस मार्गालगतच्या एका नर्सिंग होममध्ये मी एका तरुणाचं अपेंडिक्स आटपलं. पंचविशीचा, मानेने जाड, पोट सुटलेला, हसतमुख. तीनच्या सुमारास तो डोळे उघडून नाव सांगू लागला. एरवी मी फोर्टविन या वेदनाशामकाची मात्रा लिहून, सिस्टरला दोन सूचना देऊन मुलुंडला निघाले असते. पण त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्त्यावर छातीभर पाणी, फोन लागेना. वीज गेली. जनरेटर रात्रीपर्यंत पुरला. मग मेणबत्ती आणि माझा टॉर्च. मी त्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिले, कारण बसायला दुसरीकडे जागा नव्हती.

रात्री अकराच्या सुमारास तो मोठ्याने घोरायला लागला. मग घोरणं थांबलं. आवाज थांबल्यावर बरं वाटायला हवं, पण छाती वरखाली होत होती आणि नाकाशी वारा नव्हता. जीभ मागे पडून घसा बंद झाला होता. मी जबडा पुढे उचलला, श्वास आला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पहाटेपर्यंत किती वेळा जबडा उचलला, मोजला नाही. सिस्टर चांगली होती, अनुभवी होती. ती म्हणाली, "मॅडम, अहो, पेशंट रोजच असे घोरतात."

मी त्या नर्सिंग होममध्ये तोवर नऊ वर्षं भूल देत होते. त्या नऊ वर्षांतल्या कुठल्याही रात्री मी तिथे नव्हते.

तो सकाळी उठून चहा मागायला लागला. त्याला काही आठवत नव्हतं आणि मीही काही सांगितलं नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं. झोपेत श्वास अडणाऱ्या जाड मानेच्या माणसाला गुंगीचं वेदनाशामक देऊन अंधाऱ्या वॉर्डात ठेवू नये, हे तेव्हाही पुस्तकात होतं. पुस्तक मी वाचलेलं होतं. पण भूलतज्ज्ञाला पैसे मिळतात ते टेबलाचे. त्याची फी सर्जनच्या फीचा ठरलेला हिस्सा असते, रुग्णाच्या बिलात पुष्कळदा वेगळी दिसतही नाही, आणि स्टुलावर बसण्याचा दर कुठेच लिहिलेला नसतो. मला हे आमच्या व्यवसायाचं सगळ्यात मोठं अपयश वाटतं. त्यानंतर मी दिवसाला कामं कमी केली आणि काही सर्जननी मला बोलावणं कमी केलं. दोन्ही गोष्टी सोबतच झाल्या.

म्हातारपणी या 'नंतर'ला आणखी एक तोंड असतं. मुलुंडच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी, खुब्याचं हाड मोडलेलं, पाठीतल्या भुलेत झालेली बिनचूक शस्त्रक्रिया. दुसऱ्या रात्री त्या सलाईन ओढून दारापाशी जायला बघायला लागल्या. "दार उघडं ठेवा, यांची यायची वेळ झाली." आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. सून रडत म्हणाली, "भुलेने आजींचं डोकं गेलं." गेलं नव्हतं. मोडलेलं हाड, वेदना, झोपमोड, नवी जागा, औषधं, या सगळ्यांनी म्हाताऱ्या मेंदूला असा गोंधळ होतो आणि बहुतेकदा काही दिवसांत उतरतो. आजींचा चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलं होतं, 'हरवेल म्हणून'. दोन्ही आणवलं, दिवसा खिडकी उघडली, रात्री नातीला उशाशी बसवलं. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमचे डॉक्टर काही भेटायला आले नाहीत हो."

पुस्तकाविषयी थोडं. यात औषधांच्या मात्रा नाहीत, त्या डॉक्टरांनी इतरत्र बघाव्यात. मुलांच्या भुलेवर एक मोठं प्रकरण आहे, कारण मेच्या सुट्टीत टॉन्सिल आणि हर्नियाची रांग लागते आणि सर्दी झालेलं मूल 'रजा आत्ताच मिळालीय' म्हणून आणलं जातं. सर्दीत घसा चिडलेला असतो. भुलेत तो घट्ट मिटू शकतो. सुट्टी पुन्हा मिळेल. काही सहकाऱ्यांनी कच्चा मजकूर वाचून तक्रार केली की रुग्ण घाबरतील. काही घाबरतील, ते मला मान्य आहे. घाबरलेला रुग्ण प्रश्न विचारतो. निर्धास्त रुग्ण खिचडी खाऊन येतो.

एक विनंती आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरी चिठ्ठी छापली आहे: आजवर कुठल्या शस्त्रक्रियेसाठी कुठल्या वर्षी कसली भूल दिली, नळी घालायला त्रास झाला का, उलट्या झाल्या का, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं, घराण्यात कुणाला काही झालं का, रोजच्या गोळ्या कोणत्या, तंबाखू किती. आधारकार्डासारखी ती पाकिटात ठेवायची आहे. जुन्या फाइलीत भुलेचा कागद असतो. नसला तर रुग्णालयात मागा, तो तुमचा आहे. पहिलं प्रकरण वाचायच्या आधी ती चिठ्ठी कापून घ्या. आत्याला फोन लावा.